रीपर ७ : कोकणातल्या छोट्या स्टुडिओने अपडेटमध्ये आधी काय तपासावं

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जाहिरातीत सगळ्यात वर जे झळकतं, त्याची कुडाळ-कणकवलीच्या छोट्या स्टुडिओतल्या रोजच्या कामाशी क्वचितच गाठ पडते. मे २०२४ मध्ये लॉजिक प्रो ११ आलं, ते तयार गाण्यातून गळा, ड्रम आणि बेस वेगळे करून देणारं स्टेम स्प्लिटर घेऊन. एफएल स्टुडिओने तशीच सोय आदल्या वर्षी २१.२ मध्ये दिली होती. दोन्ही उपयोगी आहेत, पण डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ऐन रंगात असताना वीज गेली आणि पखवाजाची फाइल उघडेनाशी झाली, तर गळा वेगळा करून देणारं यंत्र काही कामाचं नाही. घराला रंग द्यायच्या आधी कौलं चाळून घेतात, तोच क्रम इथेही हवा.

म्हणून रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीचं हे परीक्षण एकाच मापाने केलं आहे. माझ्या लेखी मूलभूत सोयी म्हणजे आवाज न तुटता फाइलीत उतरणं, वीज गेली तरी काम वाचणं, जुनी प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत तशीच उघडणं, चार टेकमधून (तेच गाणं पुन्हा पुन्हा गाऊन केलेल्या रेकॉर्डिंगमधून) एक चांगला बांधता येणं, प्लगइनमुळे (आवाजावर काम करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमुळे) होणारा उशीर आपोआप भरून निघणं आणि ठरलेल्या पातळीवर मिक्स बाहेर काढता येणं. अपडेटने यातलं काही सुधारलं असेल तर ते घ्यायचं. नसेल तर घाई करायचं कारण नाही.

या सोयी सगळीकडे पहिल्या दिवसापासून होत्या असंही नाही. प्रो टूल्ससारख्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ऑफलाइन बाउन्स, म्हणजे न वाजवता मिक्स फाइलीत काढण्याची सोय, २०१३ साली, अकराव्या आवृत्तीत आला. तोवर सहा तासांचं रेकॉर्डिंग मिक्स करून बाहेर काढायचं तर ते सहा तास वाजवत बसावं लागे. क्यूबेसला यूएसबी डोंगलपासून (परवान्यासाठी संगणकाला लावून ठेवायच्या किल्लीपासून) सुटका मिळाली ती २०२२ मध्ये, बाराव्या आवृत्तीत. सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला कार्यक्रम रेकॉर्ड करायला निघालेल्या माणसासाठी डोंगल नसणं ही कुठल्याही नव्या सिंथपेक्षा मोठी सुधारणा आहे, कारण विसरलेलं किंवा तुटलेलं डोंगल म्हणजे बुडालेलं काम.

रीपर हे कोकोस या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर. विनॅम्प हा संगणकावर गाणी वाजवणारा प्लेअर लिहिणारा जस्टिन फ्रँकेल त्याच्यामागे आहे. पहिली आवृत्ती २००६ ची, सातवी ऑक्टोबर २०२३ ची. विंडोजवरचा इन्स्टॉलर पंधरा एमबीच्या आसपास असतो. देवगडच्या कातळावर मोबाइलची एक-दोन कांडी रेंज असली तरी अपडेट उतरतं. ज्या सॉफ्टवेअरची ध्वनी-लायब्ररी कित्येक जीबींची असते त्यांचं अपडेट इथे रात्रभर लावून ठेवावं लागतं, आणि मध्येच तुटलं तर बऱ्याचदा पहिल्यापासून.

आता मुख्य परीक्षा, लांब रेकॉर्डिंगची. दशावताराचा प्रयोग रात्रभर चालतो, डबलबारीही तासन्‌तास. समजा आठ चॅनलचा इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारं यंत्र) आहे : पखवाजाला दोन माइक, पायपेटीला एक, झांजेला एक, रंगमंचावर दोन आणि प्रेक्षकांच्या बाजूला दोन. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी खातो. आठ ट्रॅकचे मिनिटाला ६९ एमबी, सहा तासांचे सुमारे २५ जीबी. डिस्कवर त्याच्या दुप्पट जागा मोकळी ठेवूनच निघावं.

पण खरा खड्डा डिस्कच्या जागेत नाही, वेव्ह फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात आहे. साध्या वेव्ह फाइलमध्ये आकार लिहायला ३२ बिट मिळतात, म्हणून ती ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झचा स्टिरिओ ट्रॅक ती हद्द ४ तास ८ मिनिटांत गाठतो. ३२ बिट फ्लोट ठेवलं तर ३ तास ६ मिनिटांतच. रात्री अकराला सुरू झालेलं नाटक पहाटे तीनच्या पुढे गेलं की ज्या सॉफ्टवेअरला हे सांभाळता येत नाही तिथे पुढचं रेकॉर्डिंग एक तर थांबतं, नाही तर फाइल अर्धीच दिसते. रीपरमध्ये वेव्हच्या सेटिंगमध्ये ‘लार्ज फाइल्स’साठी आरएफ६४ किंवा वेव्ह६४ चा ऑटो पर्याय आहे. हद्द ओलांडली की तो आपसूक मोठ्या आकाराच्या रचनेकडे वळतो. अडचण एवढीच की दुसऱ्या स्टुडिओतल्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरला आरएफ६४ ओळखता येत नाही. त्यामुळे त्याहून चांगला उपाय प्रेफरन्सेसमध्ये, ऑडिओखाली रेकॉर्डिंगच्या पानावर आहे : ठरावीक मेगाबाइटनंतर नवी फाइल सुरू करणं. तिथे १०२४ ठेवलं तर मोनो ट्रॅकची फाइल साधारण २ तास ४ मिनिटांनी बदलते, आवाजात फट पडत नाही, आणि काही बिघडलंच तर शेवटचा तुकडा धोक्यात येतो, अख्खी रात्र नाही.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. बाहेरची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर आरएफ६४ चा काहीही उपयोग नाही. त्या डिस्कवर कुठलीही एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्यावं, आणि ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, कारण फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं.

वीज जाण्याचं गणित वेगळं. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावर वीज जाणार हे धरूनच चालावं. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारा इंटरफेस त्याच क्षणी मरतो आणि रीपरला इनपुटच मिळेनासं होतं. यूएसबीवरच चालणारा इंटरफेस या बाबतीत निभावतो. अडॅप्टरवाला असेल तर त्याला यूपीएस हवा. घरच्या इन्व्हर्टरवर लावायचं असेल तर इन्व्हर्टरचा यूपीएस मोड चालू आहे का ते बघावं, नाहीतर वीज बदलतानाच्या क्षणिक खंडात इंटरफेस रीसेट होतो.

रीपरचं ऑटोसेव्ह चांगलं आहे, पण एक सेटिंग हाताने बदलावंच लागतं. प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्टच्या पानावर दर काही मिनिटांनी तारीख-वेळेची वेगळी फाइल सेव्ह करण्याची सोय आहे. तिच्या बाजूच्या यादीत ‘रेकॉर्डिंग चालू नसताना’ असा पर्याय निवडलेला असेल तर सहा तासांच्या सलग रेकॉर्डिंगमध्ये एकदाही सेव्ह होणार नाही. तो बदलून ‘कधीही’ करावा, वेळ पाच मिनिटं ठेवावी. हा पर्याय नवशिक्यांना ठळकपणे दाखवायला हवा होता. रीपर ७ मध्येही तो प्रेफरन्सेसच्या जंगलातच राहिला आहे, आणि या आवृत्तीवरची माझी ही पहिली खरी तक्रार.

मशीन बंद पडून वेव्ह फाइल उघडेना झालीच, तरी ती लगेच पुसू नये. बहुतेक वेळा आवाज आत असतो, फक्त हेडरमध्ये आकार लिहायचा राहिलेला असतो. ऑडॅसिटीमध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून ती आयात करावी : २४ बिट साइन्ड पीसीएम, लिटल एंडियन, मोनो असेल तर एक चॅनल, ४८००० चा रेट. पूर्ण खरखर ऐकू आली तर स्टार्ट ऑफसेट ० ऐवजी १, मग २ देऊन बघावं. २४ बिटमध्ये एक नमुना तीन बाइटचा असतो, आणि गणना एका बाइटने सरकली तरी गाण्याचा गोंगाट होतो. सुरुवातीला हेडरची टिकटिक राहते, ती कापून टाकावी.

रीपर ७ ची खरी कमाई म्हणजे फिक्स्ड आयटम लेन्स आणि त्यावरचं स्वाइप कॉम्पिंग. आधीच्या आवृत्त्यांत एका आयटमच्या आत टेक एकावर एक रचलेले असत. त्यातून गाणं बांधायचं तर आयटमचे तुकडे करायचे आणि तुकड्या-तुकड्याला टेक निवडायचा. बुवांनी एक गजर चार वेळा गायला असेल तर अर्धा वेळ कापण्यातच जाई. आता ट्रॅकवर राइट क्लिक करून फिक्स्ड आयटम लेन्स चालू केल्या की प्रत्येक टेक आपल्या वेगळ्या ओळीत उतरतो. मग हव्या त्या ओळीवरून माउस ओढायचा, तो भाग वरच्या कॉम्पमध्ये येतो. कडा ओढून पुढे-मागे करता येतात आणि जोडावर क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढत जाणं) लागतो. ही सोय क्यूबेस, लॉजिक आणि स्टुडिओ वनमध्ये आधीपासून होती. रीपरला उशीर झाला हे मान्य, पण आल्यावर नीट आली.

तरी कॉम्पिंग करताना दोन गोष्टी कानाने सांभाळाव्या लागतात. गळ्याचा जोड श्वासावर किंवा ‘स’, ‘श’सारख्या व्यंजनाच्या आधी ठेवावा. लांबवलेल्या स्वरात ठेवला तर मींड तुटलेली कळते. पखवाजाचा जोड थापेच्या अगदी आधी, क्रॉसफेड १० मिलिसेकंदांपेक्षा कमी. त्याहून मोठा केला की थापेची धार बोथट होते. आणि पखवाजाच्या बाबतीत पहिला टेक आणि तासाभरानंतरचा टेक सहसा जोडूच नयेत. डाव्या पुडीवरची कणीक सुकत जाते, वजन घटतं, ‘धूम’चा स्वर वर चढतो. पावसाळ्यात दमट हवेने उजवी पुडी उतरते ती वेगळीच. जोड कितीही सफाईने केला तरी कानाला दोन वेगळे पखवाज ऐकू येतात. दर अर्ध्या तासाने स्वर तपासून कणीक ओली करून घेणं हाच इलाज. सॉफ्टवेअर इथे मदतीला येत नाही.

एकाच वाद्यावर दोन माइक असतील तर कॉम्पिंग दोन्हींवर एकदमच व्हायला हवं. त्यासाठी ट्रॅक ग्रुपिंगमध्ये मीडिया/रेझर एडिटसाठी दोन्ही ट्रॅक लीड आणि फॉलो असे जोडावेत. हे विसरलं तर डाव्या पुडीचा टेक दुसरा आणि उजव्या पुडीचा तिसरा असा खिचडा होतो, शिवाय दोन माइकमध्ये एकमेकांचा आवाज उतरलेला असल्यामुळे फेजचा गोंधळ होऊन, म्हणजे दोन्हींच्या लहरी एकमेकींना कापून, खालचा आवाज पोकळ लागतो. मिक्स करताना ‘पखवाजाला वजनच नाही’ असं वाटलं तर इक्यू (खालचे-वरचे आवाज कमी-जास्त करणारं प्लगइन) उघडायच्या आधी हे बघावं.

दुसरी मोठी भर म्हणजे प्लगइन समांतर चालवणं. पूर्वी पॅरलल कॉम्प्रेशनसाठी (मूळ आवाजात त्याचीच दाबलेली प्रत मिसळण्यासाठी) वेगळा ट्रॅक किंवा जास्तीचे चॅनल जोडत बसावं लागे. आता एफएक्सच्या यादीत प्लगइनवर राइट क्लिक करून ते आधीच्या प्लगइनशी समांतर चालवता येतं, आणि कंटेनरमध्ये अख्खी साखळी बांधून दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये नेता येते. लक्षात ठेवायचं ते हे की समांतर शाखांचे आवाज बेरजेने येतात. दोन्ही शाखांत जवळजवळ तोच आवाज असेल तर पातळी ६ डीबीपर्यंत वाढते, आणि ‘जास्त छान’ वाटलं ते मुळात जास्त मोठं असतं. पातळी जुळवून मगच तुलना करावी. एका ट्रॅकला १२८ चॅनल ही वाढही याच आवृत्तीतली, पण भजन-नमन-शक्तीतुऱ्याच्या कामात तिची गरज पडत नाही.

उशिराची भरपाई रीपरमध्ये आधीपासूनच भक्कम आहे. अडचण येते ती ऐकताना. ४८ किलोहर्ट्‌झवर १२८ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका दिशेला २.७ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे १०.७. जाऊन-येऊन आणि कन्व्हर्टरचा वेळ धरला तर ५१२ वर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागून येतो आणि तो लय ओढायला लागतो. रेकॉर्ड करताना १२८, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४ हा क्रम ठेवावा. गाणाऱ्याच्या ट्रॅकवर त्या वेळी रीफिरसारखं एफएफटीवर (आवाज कंपनसंख्यांत फोडण्याच्या गणितावर) चालणारं प्लगइन ठेवू नये. वाजवताना भरपाई होते, पण जिवंत ऐकताना तो उशीर गायकाच्या कानातच पडतो.

रीफिरचा विषय निघालाच आहे तर, पंख्याची आणि जनरेटरची घरघर काढायला ते पुरेसं आहे आणि रीपरसोबतच येतं. मोड ‘सबट्रॅक्ट’ करावा, नॉइज प्रोफाइल आपोआप बनवण्याची खूण लावून फक्त घरघर असलेले दोन-तीन सेकंद वाजवावेत, मग खूण काढायची. खूण काढायची राहिली तर ते गाण्यालाच आवाजाचा कचरा समजून खात सुटतं. पत्र्यावरच्या पावसाला मात्र हा उपाय लागू पडत नाही. घरघर एकसारखी असते, पाऊस क्षणाक्षणाला बदलतो, आणि जास्त वजा केलं की गळा पाण्याखालून आल्यासारखा होतो.

बाहेर काढण्याच्या बाबतीत रीपर माझ्या मते अनेक महागड्या सॉफ्टवेअरच्या पुढे आहे. प्रत्येक अभंगाला रीजन (नाव देऊन आखलेला भाग) करून ठेवला की सगळे एका दमात वेगवेगळ्या फाइलींत निघतात. रेंडरच्याच खिडकीत नॉर्मलाइझ (पातळी ठरल्या मापावर आणणं) आणि लिमिट (टोकं दाबणं) आहे, शिवाय फाइल न बनवता नुसती मोजणी करण्याची ड्राय रनची सोय. ऑनलाइनसाठी सगळे −१४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) धरतात, पण झांज-टाळाच्या भजनाला ते सोसत नाही. झांजेची टोकं उंच असल्यामुळे तिथवर ओढताना लिमिटर पखवाज चिरडतो. −१६ लफ्स आणि ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) −१ डीबी ठेवावं. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, लहान आवाज वर उचलत नाही, म्हणून भजन शेजारच्या गाण्यापेक्षा थोडं हळू लागेल. ते चालेल, चिरडलेला पखवाज चालणार नाही.

आता उणिवा. रीपरसोबत वाद्यांची लायब्ररी जवळजवळ नाहीच. ज्याचं काम कीबोर्डवर ऑर्केस्ट्रा उभा करून कोळीगीतं बांधण्याचं आहे त्याला लॉजिक किंवा एफएल स्टुडिओ जास्त सोयीचं पडेल. एफएलची अपडेट तर आयुष्यभर फुकट असतात, ही मोठी गोष्ट आहे. स्वर दुरुस्त करणारं रीट्यून जेमतेम आहे, गमक आणि मींड ते सपाट करून टाकतं. एआरए या जोडणीचा आधार असल्यामुळे मेलोडाइन हे स्वर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर जोडता येतं, पण त्याचे पैसे वेगळे. प्रेफरन्सेसची पानं इतकी आहेत की नवा माणूस बावरतो. चिपळूणच्या किंवा रत्नागिरीच्या ज्या मुलाला आज संध्याकाळी एक गाणं फक्त रेकॉर्ड करायचं आहे त्याला ऑडॅसिटीच आधी हातात द्यावं. तिथेही मूलभूत सुधारणा झाल्या आहेत : २०२१ च्या ३.० पासून अख्खी प्रोजेक्ट एकाच फाइलीत असते, त्यामुळे ‘डेटा’चं फोल्डर मागे राहून गाणं रिकामं उघडण्याचा प्रकार थांबला. ३.२ पासून इफेक्ट वाजताना बदलता येतात.

जुनी प्रोजेक्ट उघडणं हा निकष सगळ्यात कमी चर्चेत असतो, पण सगळ्यात महाग पडतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन कंपनीने केकवॉकचं काम थांबवलं तेव्हा केकवॉकच्या सोनार या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्यांचं सगळं टांगणीला लागलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅब कंपनीने ते घेतलं म्हणून निभावलं. रीपरची प्रोजेक्टची (आरपीपी) फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडून आतल्या फाइलींचे पत्ते वाचता येतात. विंडोजवर ३२ बिटची जुनी प्लगइनही अजून चालतात. तरीही प्रत्येक संपलेल्या कामाचे स्टेम (गळा आणि वाद्यांच्या वेगवेगळ्या फाइली), सगळे शून्य सेकंदापासून सुरू होणारे, वेव्हमध्ये काढून ठेवावेत. त्यांना कुठल्याही सॉफ्टवेअरची गरज नाही.

६ वरून ७ वर जायचं असेल तर चालू कामावर थेट इन्स्टॉल करू नये. इन्स्टॉलरमध्ये ‘पोर्टेबल इन्स्टॉल’वर खूण करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावं. जुनी आवृत्ती आणि तिची सेटिंग्ज जशीच्या तशी राहतात. आधी प्रेफरन्सेसच्या जनरल पानावरून कॉन्फिगरेशन निर्यात करून ठेवावं. मग एका जुन्या प्रोजेक्टची प्रत ७ मध्ये उघडावी, दोन्हींतून रेंडर काढावा, एकाची फेज उलटी करून दोन्ही एकत्र वाजवावेत. शांतता असेल तर मिक्स तसंच आलं आहे. कोरस किंवा काही रिव्हर्ब (घुमारा) हे इफेक्ट दर वेळी वेगळे वाजतात, ते बंद करून ही चाचणी घ्यावी. लेन्स वापरलेली प्रोजेक्ट परत ६ मध्ये नीट उघडेल असं धरून चालू नये. ७.० नंतर दर काही आठवड्यांनी छोट्या आवृत्त्या येत असतात. सोबतच्या बदलांच्या यादीत आपल्या कामाची दुरुस्ती दिसली तरच घ्यावी, आणि गणपती-शिमग्याच्या तोंडावर तर नाहीच. जुने इन्स्टॉलर रीपरच्या साइटवर राहतात, त्यामुळे मागे येता येतं.

पैशांचं म्हणाल तर ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर कुठलीही सोय न कापता वापरता येतं. सवलतीचा परवाना ६० डॉलर, व्यावसायिक २२५ डॉलर. दोन्हींत सॉफ्टवेअर एकच आहे. वर्षाची एकूण मिळकत २०,००० डॉलरच्या आत असेल तर ६० चाच लागतो, म्हणजे कोकणातले बहुतेक छोटे स्टुडिओ त्यातच बसतात. आज घेतलेला ७ चा परवाना ८.९९ पर्यंत चालतो, आणि किल्ली फाइलच्या रूपात मिळत असल्याने इंटरनेट नसलेल्या मशीनवरही ती बसते. ती फाइल ईमेलमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर, अशी दोन ठिकाणी ठेवावी.